वाचकांचे प्रश्न : एकाच बफवर अनेक धातू

प्रश्न : माझ्या घरच्या लहान कार्यशाळेत दोन टोकांच्या मोटरवर दोन कापडी बफ, म्हणजे धातू चमकवण्याची फिरती चाके, बसवलेले आहेत. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि अधूनमधून चांदी असे सर्व मी त्यांवरच चमकवतो. अलीकडे चांदीवर बारीक ओरखडे उमटतात आणि बफला लावायची पॉलिशची कांडी बदलूनही ते जात नाहीत. प्रत्येक धातूसाठी वेगळा बफ घ्यावाच लागेल, की आहेत तेच स्वच्छ करून भागेल?

उत्तर : प्रत्येक धातूला वेगळा बफ असणे उत्तमच, पण ते शक्य नसेल तर बफची वाटणी आधी कांडीनुसार आणि मग धातूनुसार करावी. आपण कांडी बदललीत, बफ मात्र तोच ठेवलात, हेच ओरखड्यांचे कारण असण्याचा संभव अधिक आहे. तपकिरी ट्रिपोली, म्हणजे घासणाऱ्या कणांची कांडी, पृष्ठभाग घासून सपाट करते, तर लाल रूज, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक भुकटी, अखेरची झळाळी आणते. ट्रिपोलीचे कण कापडाच्या थरांत शिरल्यावर वरून कितीही रूज लावले, तरी ते कण आपले काम करतच राहतात. त्यामुळे रूजचा बफ ट्रिपोलीसाठी वापरायला घेता येतो, ट्रिपोलीचा बफ मात्र पुन्हा रूजसाठी वापरता येत नाही.

फिरत्या बफवर दातेरी फणी किंवा हॅक्सॉचे जुने पाते हलकेच टेकवले, की वरचा घट्ट झालेला थर सुटतो आणि कापड मोकळे होते. हे अवश्य करावे, परंतु त्याने बफ नवा होतो असे समजू नये, कारण आतल्या थरांतले कण तसेच राहतात.

धातूंचा विचार करताना खरी सीमारेषा पोलाद आणि मऊ धातू यांच्यामध्ये आहे. कठीणतेच्या १ ते १० अशा मोह्स मापावर चांदीची कठीणता सुमारे २.५ ते ३ इतकीच असल्याने बफमध्ये अडकलेले पोलादाचे कण तिला सहज ओरखडतात. स्टेनलेस स्टीलची गोष्ट थोडी वेगळी आहे : त्याला साध्या लोखंडाचे कण चिकटले तर ओल लागताच तेथे गंजाचे ठिपके दिसू लागतात, आणि दोष नसताना स्टेनलेसला नावे ठेवली जातात. म्हणून साधे पोलाद आणि स्टेनलेस यांनाही एका बफवर आणू नये. पितळ आणि तांबे मात्र एक बफ वाटून घेऊ शकतात. नेहमीच्या कामात त्याने काही बिघडत नाही. चांदीसाठी रूजचा एक बफ बंद पिशवीत, नाव लिहून, निराळा ठेवावा. एका कांडीवरून दुसरीवर जाताना वस्तू कोमट साबणपाण्याने धुऊन कोरडी करावी. ही पायरी गाळली तर वस्तूच जुने कण नव्या बफवर नेऊन पोहोचवते, आणि वेगळे बफ घेऊनही ओरखडे कायम राहतात.

ॲल्युमिनियमसाठी वेगळा बफ घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण केवळ चमक नाही. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेटू शकते आणि बफमधून झडणारे सुती तंतूही जळाऊ असतात. त्यातच मोटरच्या दुसऱ्या टोकाला पुढेमागे घासण्याचा दगड बसवून त्यावर पोलाद धरले, तर उडणाऱ्या ठिणग्या थेट या मिश्रणात पडतात. रूजमधील लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचा संयोगही, एकदा पेट घेतला तर, अतिशय तीव्र उष्णता देणारा असतो. तेव्हा धातू बदलण्याआधी मोटरभोवतीची धूळ काढून टाकावी, आणि ॲल्युमिनियमची धूळ पेटलीच तर पाणी न ओतता कोरडी वाळू हलक्या हाताने पसरावी.

प्रश्न : ॲल्युमिनियमवर बफ फिरवला की काळा थर बसतो. बफ खराब झाला आहे का?

उत्तर : तसे असेलच असे नाही. कांडीतील वंगण, घर्षणकण आणि सुटलेला धातू यांचे ते मिश्रण असते आणि कांडी जास्त लागली की ते वाढते. कांडी कमी लावावी, दाब कमी ठेवावा आणि शेवटचा हात कांडी न लावलेल्या स्वच्छ बफवर द्यावा. उरलेला थर सौम्य साबणाने धुवावा. धुण्याचा सोडा वापरू नये, कारण अल्कलीमुळे ॲल्युमिनियम निस्तेज होते.