एक सिनेमा, दोन नायक

प्रश्न : 'मेट्रोपोलिस' हा जुना जर्मन मूकपट पाहिल्यापासून त्यातला नायक गुस्टाफ फ्रोलिखचे इतर सिनेमे शोधतोय. १९३३ चा जर्मन 'राकोत्सी मार्श' सापडला. त्याच साली त्याच कथेवर हंगेरियन 'राकोत्सी इंदुलो'ही निघालाय, पण त्यात नायक दुसराच! नुसता आवाज बदलून भागलं नसतं का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आज भागतं. तेव्हा ते फार जड होतं. मी जालन्यात थिएटरला ऑपरेटर होतो, म्हणून आधी आवाजाचं सांगतो. रिळाच्या कडेला चित्राला लागून आवाजाची बारीक पट्टी असते. मशीनमधल्या एक्सायटर दिव्याचा उजेड तिच्यातून कमीजास्त होत जातो आणि त्याचाच पुढं आवाज बनतो. बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत संवाद, वाद्यं, पावलं हे बहुतेक सगळं शूटिंगच्या वेळीच एकत्र रेकॉर्ड व्हायचं. त्यातून नुसता संवाद उचलून काढणार कसा? म्हणून सेट तोच ठेवायचा, नट बदलायचे आणि सिनेमा पुन्हा काढायचा, असं युरोपभर चालायचं.

हंगेरीला तर दुसरी वाटच नव्हती. एक कोटीच्या आतला देश, बोलपटाचा खर्च घरच्या तिकिटांवर निघणं कठीण. जर्मन रूप काढलं की बर्लिन-व्हिएन्नाची थिएटरं मिळायची. जर्मन 'राकोत्सी'त फ्रोलिख नायकही होता आणि दिग्दर्शकही. हंगेरियन रूप इश्तवान सेकेय यांनी केलं, नायक पाल यावोर. सेकेय यांना ही सवय होतीच. त्यांचा १९३१ चा 'हिप्पोलित'सुद्धा दोन्ही भाषांत निघाला होता. पुढं १९३८ मध्ये ज्यूविरोधी वातावरणात त्यांना देश सोडून अमेरिकेला जावं लागलं.

माझं कळकळीचं सांगणं, यातल्या एकाला मूळ आणि दुसऱ्याला नक्कल म्हणू नका. संवाद दुसरा आला की नटाचा श्वास बदलतो, थांबणं बदलतं.

आपल्याकडं प्रभातनं हेच केलं. 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठी-हिंदी दोन्हीत काढला, तिथं नट बहुतेक तेच, कारण त्यांना दोन्ही भाषा यायच्या. पण १९४१ चा 'शेजारी' आणि 'पडोसी' बघा. मुसलमान मिर्झा दोन्हीकडं गजानन जागीरदार. त्याचा हिंदू मित्र मात्र मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मजहर खान. आमच्या घरी वडील 'पडोसी'वाले, आत्या 'शेजारी'वाली. वडिलांची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाली, त्यांच्या कानाला मजहर खानच जवळचा. आत्या म्हणायची, दात्यांचा राग पाटलाचा वाटतो, खानांचा दरबारी वाटतो. मला आत्याचंच पटतं.

'राकोत्सी'ची दोन्ही रूपं मिळेपर्यंत ही जोडी एकाच आठवड्यात बघा, आधी 'पडोसी'. शेवटी धरण फुटतं तिथं पाण्याकडं बघू नका. जागीरदारांकडं बघा, समोरचा नट बदलल्यावर ते स्वतः कुठं बदलतात.