घुबड, उलूक आणि आउल

पुण्यातल्या एक वाचक ताई लहान मुलांसाठी एका इंग्रजी गोष्टीचा अनुवाद करीत आहेत. गोष्टीत एक शहाणे घुबड आहे. त्यांनी विचारले आहे : ‘आउल हा शब्द आपल्या उलूकावरून इंग्रजीत गेला, असे वारंवार वाचनात येते. ते खरे आहे का? हिंदीने उलूकाचा उल्लू केला, मग मराठीतले घुबड कुठून आले? आणि घुबड हा शब्द मुलांना भेसूर वाटेल, म्हणून उलूक लिहावे का?’

आउल उलूकावरून गेलेला नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘ऊले’ असा होता, जर्मनमध्ये आजही ‘ऑयले’ आहे. लॅटिनमध्ये घुबडाला ‘उलुला’ म्हणत, आणि त्याच भाषेत ‘उलुलारे’ म्हणजे हेल काढून ओरडणे, विव्हळणे. हे सगळे शब्द पक्ष्याच्या हाकेवरून बनलेले आहेत, आणि उलूकही तसाच. रात्रीच्या अंधारात पक्षी दिसत नाही, ऐकू येतो. मग त्याला नाव आवाजाचेच मिळणार. आपला कोकिळ, इंग्रजांचा कुकू आणि लॅटिनमधला ‘कुकुलुस’ यांचेही असेच आहे. अशा शब्दांत साम्य दिसले की कोणी कोणाकडून घेतले हे शोधण्याआधी पक्षी काय म्हणतो ते ऐकावे.

संस्कृतात हा ‘उलुलु’ ध्वनी फक्त घुबडापुरता नव्हता, हे मला फार मोलाचे वाटते. छांदोग्य उपनिषदात (३.१९) सूर्य जन्मला तेव्हा ‘उलूलवः’ घोष उठले, असे म्हटले आहे. बंगालमध्ये लग्नात बायका जो उलुध्वनी करतात तो याच कुळातला. म्हणजे सूर्याच्या जन्माचा जयघोष आणि सूर्य टाळणाऱ्या पक्ष्याचे नाव एकाच ध्वनीतून आले! अर्थात घुबडाविषयीची भीतीही जुनीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१६५) घुबडाचे बोलणे फोल ठरो, अशी प्रार्थना आहे.

आता घुबड. उलूकाखेरीज संस्कृतात या पक्ष्याला पुष्कळ नावे आहेत : कौशिक, पेचक, निशाटन, दिवान्ध, दिवाभीत, वायसाराति, आणि घूक. आपले घुबड या घूकाचे वंशज आहे. तोही ध्वनीवरूनच आलेला शब्द, फक्त ऐकणाऱ्याच्या कानाला ‘उलु’ऐवजी ‘घू’ ऐकू आले. वाट कशी ते पाहायचे तर शेजारी कावळा ठेवावा. दोन स्वरांमधला ‘क’ प्राकृतात गळतो, म्हणून काकाचा ‘काअ’ झाला. मोकळ्या पडलेल्या स्वरांमध्ये ‘व’ शिरला, पुढे ‘ळा’ लागला आणि कावळा तयार झाला. घूकाचा तसाच ‘घूअ’ झाला, मध्ये ‘व’ आला आणि पुढे ‘ड’ हा प्रत्यय लागला. चर्माचे चामडे, अंत्राचे आतडे यांतला ‘ड’ तोच. गुजराती याच टप्प्यावर थांबली : तिथे शब्द ‘घुवड’ असाच आहे. मराठीने ओठांवरच्या ‘व’चा ओठांवरचाच ‘ब’ केला.

कावळा आणि घुबड एकाच साच्यातून निघावेत याचा मला आनंद होतो, कारण आपल्या वाङ्मयात ही जन्मोजन्मीची वैरी. वायसाराति म्हणजेच कावळ्याचा शत्रू. पंचतंत्राचे तिसरे तंत्र ‘काकोलूकीय’ याच वैरावर उभे आहे : पक्षी घुबडाला राजा करायला निघाले आणि कावळ्याने मोडता घातला. महाभारताच्या सौप्तिक पर्वात झोपलेल्या कावळ्यांना मारणारे घुबड पाहूनच अश्वत्थाम्याला रात्रीच्या हल्ल्याची कल्पना सुचते.

दिवाभीत मराठीत अजून जिवंत आहे. तोंड चुकवून राहणाऱ्याला आपण ‘दिवाभीतासारखा लपून बसतो’ म्हणतो. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात गुहेत दडलेल्या अंधाराला दिवाभीत म्हटले आहे. दिवसाला घाबरलेला आणि घुबड, दोन्ही अर्थ तिथे एकदम लागतात. दिवान्ध मात्र त्या पक्ष्यावर अन्याय करणारे नाव आहे. घुबडाला दिवसाही दिसते.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. उलूक हा मूर्खपणाचा शब्द कधीच नव्हता. शकुनीच्या मुलाचे नाव उलूक होते, आणि कणादांच्या वैशेषिक दर्शनाला औलूक्य दर्शन म्हणतात. ‘उल्लू बनवणे’ आपण हिंदीकडून घेतले. पुण्यात २०१९ साली सहावी जागतिक घुबड परिषद भरली, पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात उलूक महोत्सवही झाला. कार्यक्रमाच्या नावात उलूक शोभतो. पाच वर्षांच्या मुलासाठी तो कोशातला शब्द आहे. घुबडाचा भेसूरपणा शब्दात नाही, आपण मुलांना सांगितलेल्या अपशकुनांत आहे. गोष्टीतले घुबड प्रेमळ असेल तर शब्दही प्रेमळ होईल.

तरीही माझी पसंती तिसऱ्याच शब्दाला आहे : पिंगळा. हे नाव आवाजाचे नाही, रंगाचे आहे. पिंगल म्हणजे पिवळट तपकिरी. पुण्यात जुन्या वडा-चिंचेच्या ढोलीतून संध्याकाळी डोके बाहेर काढतो तो घुबडांतला ठिपक्यांचा छोटा पक्षी हाच. इंग्रजी गोष्टींतल्या घुबडाचे शहाणपण ग्रीकांच्या अथीना देवीकडून आले आहे, तिचा पक्षी घुबड. त्या ग्रीक घुबडाचे आणि आपल्या पिंगळ्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द एकच, ‘अथीनी’. शिवाय आपल्याकडे पिंगळा भविष्य जाणतो. त्याची बोली समजते असे सांगत पहाटे दारी येणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही पिंगळाच म्हणतात. शहाण्या पक्ष्याला याहून योग्य मराठी नाव मला दिसत नाही.

चित्र मात्र आधी पाहावे. डोके गोल आणि अंग लहान असेल तर पिंगळा खुशाल लिहा. चेहरा पांढरा, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा असेल तर ते गव्हाणी घुबड. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असतील तर शृंगी घुबड. अशा वेळी घुबडच ठेवावे. ‘ते घुबड म्हणाले’ यातले नपुंसकलिंग संवादात परके वाटत असेल तर ‘घुबडआजोबा म्हणाले’ करा, मुलांना ते लगेच आपले वाटेल.