कविता ग्रुपवर टाकली की सगळे फक्त 'छान' म्हणतात. खरा अभिप्राय कसा मिळवायचा?

प्रश्नकर्त्याने पुढे लिहिलंय की दीड वर्षापासून ते कविता आणि गझला दोन-तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, 'व्वा', 'क्या बात' याशिवाय काही येत नाही, आणि हे सगळे हौशी लोक एकमेकांना खोटं खोटंच चांगलं म्हणत असावेत.

त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहायला बसले. 'खोटं खोटं' हा शब्द लागला मला.

ग्रुपवरचं 'छान' खोटं नसतं. शेजारीण येता-जाता 'झालं का जेवण?' विचारते तेव्हा तिला तुमच्या ताटात काय होतं ते ऐकायचं नसतं. तुमची विचारपूस केली, एवढंच तिला पोचवायचं असतं. 'छान' तसंच आहे. दिवसभर शाळेत शिकवून आलेल्या, सोयाबीनला फवारणी करून आलेल्या माणसाने रात्री साडेदहाला तुमची कविता उघडली आणि एक शब्द टाकला. त्याला खोटं म्हणू नका. अभिप्राय म्हणून त्याचा उपयोग नाही, हे मात्र खरं.

उपयोगाचं काही हवं असेल तर नेमकं विचारा. 'कशी वाटली?' या प्रश्नाला 'छान'च उत्तर येणार. 'तिसऱ्या शेराचा सानी मिसरा म्हणताना कुठे अडखळता का?' असं विचारा (शेर म्हणजे गझलेतल्या दोन ओळी, सानी मिसरा त्यांतली दुसरी), आणि ते ग्रुपवर न विचारता दोघा-तिघांना खासगीत विचारा. त्याआधी त्यांच्या कवितांवर तुम्ही स्वतः तसं नेमकं काही लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर त्यांनी तरी वेळ का द्यावा? तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण असा अभिप्राय मिळायला लागला की पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही, आणि मला तेच सांगायचंय.

मी अकोला जिल्ह्यात पोस्टात आहे, काउंटरला. 2015 पासून गझल लिहिते. पुढच्या वर्षी एका ग्रुपात आले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात 256च माणसं मावायची, त्यामुळे कोण काय लिहितं ते सगळ्यांना माहीत असायचं. 2022मध्ये ती मर्यादा आधी 512 आणि मग 1024 झाली, आमच्या ग्रुपात माणसं भरली, आणि मराठी भाषा गौरव दिनाला तर वाचायला सुरुवात करेपर्यंत कविता वर निघून जायला लागली. तुम्ही बहुतेक या गर्दीतच आला आहात. आधीचं वेगळं होतं. दर सोमवारी तरहीची ओळ, म्हणजे जिच्यावरून सगळ्यांनी गझल लिहायची अशी दुसऱ्या कवीची ओळ, यायची आणि बुधवारपर्यंत वीस-पंचवीस गझला, आणि त्या सगळ्या वाचून व्हायच्या.

तिथेच माझी लातूरकडची मैत्रीण भेटली. पहिले सहा महिने आम्ही एकमेकींना ताई म्हणत होतो, मग अगं-तुगं सुरू झालं. ती शिक्षिका. पोरांचा अभ्यास, भाकरी सगळं आवरून अकराच्या पुढे तिचा मेसेज यायचा, 'जागी आहेस का?' मी जागीच असायची. एकेका शब्दावर आम्ही तासतास घालवलेत. 'पाऊस' आणि 'पाऊल' यांत कुठला ठेवायचा यावरून एकदा पहाटेचे दोन वाजले होते. माझ्या घरात कवितेचं कुणाला काही नाही. तिच्याही नव्हतं.

2019च्या पावसाळ्यात तिने भुजंगप्रयात वृत्तात एक मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, टाकला. तिचा धाकटा भाऊ पुण्याला कामाला गेला होता आणि आई रोज संध्याकाळी दारात उभी राहायची, त्यावरचा.

कुणाची तरी वाट डोळ्यांत होती
जुनी एक साडी तिच्या हातात होती

उला मिसरा, म्हणजे पहिली ओळ, वाचून माझ्या अंगावर काटा आला. सानी अडखळत होता. ग्रुपवर चाळीस-एक 'व्वा ताई' येऊन गेले होते आणि कुणी बोललं नव्हतं. मी तिला खासगीत आवाजी मेसेज पाठवला, की ही ओळ 'मना सज्जना'च्या चालीवर म्हणून बघ. 'तिच्या'पर्यंत पाय सरळ पडतात, 'हातात'शी अडकतात. तिने म्हणून पाठवलं आणि ते तिलाही ऐकू आलं. 12 अक्षरांच्या जागी 13, 20 मात्रांच्या जागी 22. एक गुरू जास्त (लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन).

इथे थांबायला हवं होतं मी. थांबले नाही.

आमच्या घरात बाबांची शाल आहे. तपकिरी, लोकरीची, काठाला आईने काळ्या दोऱ्याने रफू केलेली, कारण त्या दिवशी तपकिरी दोरा घरात नव्हता. बाबा गेल्यावर दर उन्हाळ्यात मी ती धुवायला काढायची आणि आई दर वेळी माझ्या हातातून काढून घ्यायची. "राहू दे वं, त्यायचा वास हाये तिले." मग ती घेऊन ओट्यावर बसायची, रस्त्याकडे तोंड करून. त्या रात्री मैत्रिणीची ओळ मनात घोळत होती आणि डोळ्यांपुढे आमचाच ओटा होता. पाच मिनिटांत मी तिला लिहून पाठवलं:

जुनी फाटकी शाल हातात होती

ती इतकी खूश झाली. मीही झाले. त्या रात्री मला छान झोप लागली, हे खरं सांगते. कुणाचा अडलेला शेर आपल्या हातून सुटला की जे वाटतं ते स्वतःचा शेर सुटल्यावरही वाटत नाही.

2021मध्ये तिचा संग्रह आला. सकाळची टपालाची थैली फोडली, वाटपाला निघालेल्या आमच्या पोस्टमनने ते पुडकं माझ्याच टेबलावर ठेवलं, 'मॅडम, तुमचंच आहे.' मी काउंटर उघडायच्या आधी फोडलं. आत 'प्रिय सखीस' आणि सही. पहिलीच गझल ती. ऋणनिर्देश दीड पानाचा होता. प्रस्तावना लिहिणारे सर होते, मुखपृष्ठ करणारा मुलगा होता, अक्षरजुळणी करणाऱ्या ताई होत्या, ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. मी नव्हते. तेही मी गिळलं असतं. पण दोन दिवसांनी प्रकाशन समारंभाचा व्हिडिओ आला. त्यात तिने हा मतला म्हणायच्या आधी सांगितलं की माझी आई दारात शाल घेऊन उभी राहायची, त्या फाटक्या शालीत आमच्या घराची सगळी वर्षं गुंडाळलेली आहेत. टाळ्या झाल्या.

मी फोन केला. "तुझ्या आईच्या हातात शाल कुठून आली?"

"म्हणजे? शेरात आहे ना."

"शेरात मी ठेवली गं ती. आमच्या बाबांची आहे."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "वृत्त बसवून दिलंस तू. शेर माझाच राहतो ना. आणि इस्लाह दिली की परत मागत नसतात." इस्लाह म्हणजे उस्तादाने केलेली दुरुस्ती. तिने मला जुन्या काळातले उर्दू शायर दाग़ देहलवी यांचं उदाहरण दिलं, की इक्बाल तरुणपणी त्यांच्याकडे टपालाने गझला पाठवायचे, दाग़ दुरुस्त करून परत पाठवायचे, त्यातले कुठले शब्द दाग़ांचे हे कुणी छापलं का? उदाहरण खरं आहे. पोस्टातल्या बाईला टपालाचंच उदाहरण तिने द्यावं, याने माझा राग अजून वाढला.

मी म्हटलं, "मी तुझी उस्ताद नाही, मैत्रीण आहे."

"मग मैत्रिणीने मोजायचं असतं का?"

याला मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. फोन ठेवला तो ठेवलाच. ग्रुपात ही गोष्ट कुणी सांगितली माहीत नाही, पण आठवडाभरात दोन तट पडले. 'ताई, एवढ्या एका ओळीसाठी' असं मला सांगणारे बरेच निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी ओळी दिलेल्या होत्या.

तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता देते. उस्ताद-शागीर्दाचं नातं दोघांनी ठरवून घेतलेलं असतं. शागीर्द मान खाली घालतो, उस्ताद आपलं नाव मागत नाही, आणि अमुक माणूस तमक्याचा शागीर्द आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. म्हणजे ऋण उघड असतंच, ओळीगणिक लिहावं लागत नाही. आमच्यात तसं काही नव्हतं. आम्ही बरोबरीच्या होतो. आणि बरोबरीच्यांची रीत आपल्याकडे आहे की. तरही लिहिताना दुसऱ्याचा मिसरा अवतरणात टाकतो, खाली मूळ कवीचं नाव देतो. नाही दिलं तर पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, 'ओळ कुणाची?' जो माणूस आपल्याला ओळखतही नाही त्याचं नाव आपण लिहितो, आणि रात्री दोनपर्यंत आपल्यासोबत जागलेलीचं लिहीत नाही. हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, अभिप्राय मागाल तेव्हा आधीच बोलून घ्या. फक्त दोष दाखवा, ओळ देऊ नका, असं स्पष्ट म्हणा. लोकांना राग येत नाही, उलट हायसं वाटतं. कुणी तरीही ओळ दिली तर तिच्यातला दोष का गेला ते समजून घ्या आणि ती ओळ टाकून देऊन आपली लिहा. अगदीच सोडवत नसेल तर नाव लिहा. एक नाव छापायला कितीशी जागा लागते?

आणि तुम्ही दुसऱ्याला अभिप्राय द्याल तेव्हा ओळ द्यायचा मोह आवरा. तुम्हाला वाटतं आपण मदत करतोय. आपण त्याच्या घरात आपलं सामान नेऊन ठेवत असतो. कुठे अडलं, का अडलं, किती मात्रा जास्त, काफिया (यमक) कुठे सुटला, दोन ओळींचा सांधा का लागत नाही, एवढं सांगा आणि हात काढून घ्या. सुरेश भटांनी नवख्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, त्यात त्यांनी नियम समजावले. त्या बाराखडीवर कितीतरी जण लिहायला शिकले आणि ज्याने त्याने आपापलं लिहिलं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते सांगते. हा माझा अनुभव गझलेतला आहे. गझलेत चूक मोजता येते, त्यामुळे बोलणं सोपं जातं. मुक्तछंदात इतकं नेमकं बोट ठेवता येत नाही, तिथे एक चांगला वाचक मिळाला तरी पुष्कळ. अगदी नवशिक्याला पहिल्या चार-सहा गझलांत एखादी ओळ बसवून दाखवावी लागते, त्याशिवाय वृत्त कानात बसत नाही. तेवढं करावं. आणि तुमच्या ग्रुपातल्या 'छान' म्हणणाऱ्यांना तोडून टाकू नका. माझं बोलणं बंद झालं त्या वर्षात मी एकही गझल पुरी केली नाही, आणि तरी वहीतल्या जुन्या दोन-चार टाकल्या तेव्हा त्याच 'व्वा ताई'वाल्यांनी वाचल्या. त्यांतल्या एका दादांनी, जे कधी दोन शब्दांच्या वर लिहीत नाहीत, 'बरेच दिवसांनी' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे त्यांच्या ते लक्षात होतं.

एक गोष्ट राहिली. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री मी तो मतला पुन्हा काढला. इतक्या वर्षांत मी त्यावर रागानेच विचार केला होता, मात्रा मोजून केला नव्हता. काल मोजल्या. 'तिच्या' काढायचं आणि साडीला नुसता 'च' लावायचा:

जुनी एक साडीच हातात होती

12 अक्षरं, 20 मात्रा. तिच्या आईची साडी तिच्या आईच्याच हातात राहिली असती, आणि 'च'मुळे हात किती रिकामे आहेत तेही आलं असतं. माझ्या शालीची तिथे गरजच नव्हती. त्या रात्री मला तिची साडी दिसलीच नाही, हे आता कळतं. ती छापून मोकळी झाली त्याचा राग अजून आहे, पण शाल तिथे नेऊन ठेवली मीच.

ही ओळ तिला पाठवणार नाही. पाठवली तर ती पुन्हा मी दिलेलीच ओळ होईल. पण तिचा नंबर अजून आहे माझ्याकडे. एवढंच लिहिणार आहे: मतल्यातून शाल काढ, तुझी साडी परत घे. 'तिच्या' गेलं की एका लघूची जागा उरते. तो तू शोध.