चारचौघांत हात जास्त हलतो, मग भजनाला कशाला न्यायचं?

"ह्यांचा हात घरी बसल्या बसल्या हलतो, पण चारचौघांत गेलं की दुप्पट हलतो. आणि तुम्ही म्हणताय भजनाला न्या. कशाला ओ मॅडम?"

सांगलीकडच्या एका काकूंनी हे विचारलं तेव्हा काका शेजारच्या खुर्चीवर उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसले होते. पार्किन्सन्सच्या, म्हणजे कंपवाताच्या, घरांतून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतच असतो. लोक बघतील, पडतील, दमतील, आणि गाऊन-नाचून आजार थोडाच बरा होतो? (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

काका एसटीत कंडक्टर होते. धावत्या गाडीत कशालाही न धरता तिकीट फाडणारा माणूस. निवृत्तीनंतर ते देवळातल्या भजनी मंडळात टाळ धरायला लागले. मग आजाराचं निदान झालं. गोळ्या वेळेवर चालू होत्या, चालणं-फिरणं बऱ्यापैकी होतं, डॉक्टरही समाधानी होते. पण काकांनी एकेक करून सगळं सोडलं. आधी कट्टा, मग लग्नकार्यं, मग मंडळ. घरातसुद्धा कप अर्धाच भरून मागायचे. पुण्यातल्या मुलानं किराणा, औषधं, सगळं घरपोच करून दिलं. केलं मायेनंच, पण त्यामुळे उंबऱ्याबाहेर पडायचं उरलंसुरलं कारणही गेलं.

काकूंचं खरं दुखणं पुढच्या भेटीत कळलं, त्या एकट्याच आल्या तेव्हा. "माझ्यावर कशाचा तरी राग आहे त्यांचा. नातू व्हिडिओ कॉलवर नाचून दाखवतो, तरी चेहऱ्यावर काही नाही. मी काय केलं, तेच कळत नाही."

पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. पापण्या कमी लवतात, हसू आतल्या आत राहतं, आवाज बारीक होतो. माणूस खूश असला तरी चेहरा दगडासारखा दिसतो. गोळ्या-तपासण्यांच्या गडबडीत हे बायकोला समजावून सांगायचं बऱ्याचदा राहूनच जातं. उदासीनताही या आजारात पुष्कळ जणांना येते आणि ती निव्वळ 'मनाला लावून घेतल्यामुळे' येत नाही. मेंदूतल्या ज्या बदलांमुळे हात हलतो, त्यांचाच तोही भाग असतो. ती तपासून घ्यावी लागते, तिच्यावर उपचार आहेत. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी उगीच फुगून बसले होते."

आता हाताचं. या आजारातला कंप बहुतेकदा हात रिकामा असताना जास्त असतो आणि ताण आला की वाढतो. चारचौघांत हात लपवायची धडपड हाच मोठा ताण. तोच हात कामाला लावला, की पुष्कळांचा कंप त्या वेळेपुरता उतरतो. म्हणजे लोकांत जाऊन नुसतं बसायचं असेल तर काकूंचं म्हणणं बरोबर होतं. लोकांत जाऊन हाताला काम द्यायचं असेल तर गणित बदलतं. टाळ हे दोन्ही हातांचं काम आहे.

शिवाय ठेका. आपोआप होणाऱ्या हालचाली, म्हणजे पाऊल टाकणं, हात झुलवणं, यांचा आतला ताल या आजारात बिघडतो. पाऊल तोकडं पडतं, अक्षर बारीक होत जातं, कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी बाहेरून ताल मिळाला तर काहींना त्यावर पाऊल उचलता येतं. फिजिओथेरपिस्ट हेच टाळ्या वाजवून किंवा आकडे मोजून करून घेतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले, आणि तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यातही या आजाराचा उल्लेख आहे. मात्र व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'अमुक रागाने तमुक आजार बरा' छापाच्या याद्यांशी याचा काही संबंध नाही. त्या बघितल्या की माझं डोकं फिरतं. नाचून-गाऊन पार्किन्सन्स जात नाही आणि गोळी बंद करायची नसते. हालचाल, मूड, झोप, माणसांत असणं, यांत जो फरक पडतो तेवढ्यावरच माझं बोलणं आहे.

काकांच्या गावात नृत्यवर्ग कुठला असायला? पण मंडळ होतं. मंडळाच्या बुवांना आधी सांगून ठेवा, असं मी सुचवलं. काकांना ते पटलं नाही. "सांगायचं काय त्यात? दिसतंय की सगळ्यांना." दिसतं, पण लोक भलतंच समजतात. ते कसं, हे काकूंनी पुढच्या भेटीत सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी हसून म्हणालं, "काय मास्तर, आज जास्त झाली काय?" काकांनी टाळ खाली ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दारू नाही, पार्किन्सन्स आहे. गोळी घेऊन आलोय." आवाज बारीक, त्यामुळे ऐकायला सगळे गप्प झाले. बुवांनी त्यांना भिंतीकडेची खुर्ची दिली आणि अभंग सुरू केला.

बाकीची तयारी किरकोळ होती, पण तिच्यावाचून चाललं नसतं. गोळीचा असर चढलेला असेल तेव्हाच निघायचं. मंडळाची वेळ रात्रीची होती आणि तोवर असर उतरायचा. डॉक्टरांना विचारून वेळा बसवल्या आणि मंडळानंही सरावाची बैठक संध्याकाळी पाचला आणली. उभं राहून पावली खेळायची नाही, बसूनच पाय आपटायचे. टाळाचा आवाज बारीक होत चालला की शेजाऱ्यानं कोपर मारून आठवण द्यायची, कारण या आजारात आपली हालचाल किती तोकडी झालीय हे ज्याचं त्याला जाणवत नाही. गातानाही तेच. स्पीच थेरपिस्टनं मोठ्यानं बोलायचा सराव दिला होता, तो घरी काही केल्या व्हायचा नाही. मंडळात बाकीच्यांच्या आवाजाला गाठायच्या नादात आपसूक व्हायला लागला.

सगळ्यात भारी गोष्ट काकांनी स्वतःच शोधली. त्यांचे पाय दारातच अडायचे. उंबरठा, अरुंद जागा, वळण, अशा ठिकाणी पुष्कळांचं असं होतं. काकू काळजीपोटी हात धरून ओढायच्या. ओढलं की तोल जातो, म्हणून मी ते थांबवायला सांगितलं होतं. थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि मग मोठं पाऊल टाकायचं. एकदा मंडळातून घरी येताना ते दारात अडकले. काकू मागे उभ्या. काकांनी चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केलं, तोंडानं "टण टण" म्हणाले आणि उंबरा ओलांडला. एसटीत सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला. आता घरात सगळेच त्यांना डबल देतात, नातूसुद्धा फोनवरून. दर वेळी पाय सुटतातच असं नाही.

हात अजून हलतो. दुपारच्या गोळीआधीचा तास वाईट जातो, आणि काही संध्याकाळी ते जायचंच नाही म्हणतात. तेव्हा ओढाताण करू नका, असं काकूंना सांगितलंय. मंडळाच्या त्या दोन तासांत काकू आता मैत्रिणीबरोबर फिरायला जातात. मला विचाराल तर या सगळ्यातलं निम्मं औषध तिथे लागू पडलं. कारण काकांचं निदान झाल्यापासून काकूंनी स्वतःचा रक्तदाबसुद्धा तपासून घेतला नव्हता.

दिवाळीनंतर काका पडले. मनगटाला मुका मार लागला. मुलानं पुण्याहूनच मला फोन लावला, "मॅडम, आता मंडळ बंद करतो. बाबांना झेपत नाहीये." कुठे पडले, असं मी विचारलं. घरच्याच मोरीत, सकाळी उठल्या उठल्या. काका पण फोनवर होते. ते म्हणाले, "मग मोरी बंद कर म्हणावं."

मुलगा हसला आणि गावी आला. मोरीत धरायला दांडी बसली, गुळगुळीत फरशीवर खरखरीत पट्ट्या लागल्या, सटकणारं पायपुसणं निघालं. उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो, हे डॉक्टरांच्या तपासणीत सापडलं. म्हणून आता आधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं, मग उभं राहायचं. मनगटाची सूज उतरेपर्यंत काका मंडळात टाळ न घेता गेले आणि नुसते पायानं ठेका धरून बसले.