शाश्वत कचरा आणि राखलेलं रान

प्रश्न आलाय तो असा: 'सस्टेनेबल'ला मराठीत शाश्वत म्हणावं की टिकाऊ? आणि 'पर्यावरणपूरक' व 'पर्यावरणस्नेही' एकच का?

आधी 'शाश्वत'चा निकाल लावतो, कारण तो ऐकून कान किटलेत. आमच्या सोसायटीच्या जिन्यात नोटीस आहे, 'शाश्वत कचरा व्यवस्थापन समितीची सभा'. आता यात शाश्वत काय? व्यवस्थापन तर नक्कीच नाही, समितीही नाही. उरतो कचरा, आणि कोपऱ्यावरचा ढीग पाहता ते खोटंही नाही! गीतेत शाश्वत आहे तो आत्मा: 'अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः'. त्याला संपायची भीती नाही. विहिरीचं पाणी, बांगडा, सागवान यांना ती आहे, म्हणून तर शब्द हवाय. ज्याला मरणच नाही त्याचं विशेषण ज्याचं मरण टाळायचंय त्याला लावायचं, हे काही मला झेपत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली मांडलेली १७ उद्दिष्टं आपल्याकडे 'शाश्वत विकास ध्येयं' झाली आणि शब्द सरकारी शिक्क्यानिशी बसला. 'आता रूढ झालाय' म्हणणाऱ्यांना काय सांगणार? रूढ तर वांग्याच्या भावात घासाघीसही आहे.

'टिकाऊ' चपलेला लावावा. प्लास्टिकच्या पिशवीइतकं टिकाऊ दुसरं काय आहे?

काही परिभाषापंडित 'संधारणीय' सुचवतात. 'सस्टेनेबल'मागच्या लॅटिन शब्दाचे तुकडे पाडून संस्कृत तुकडे चिकटवले की शब्द झाला, अशी त्यांची समजूत. अहो, संधारण आपण मृद व जलसंधारणाला कधीच देऊन बसलोय. बांध घालायचा तो शब्द आहे, त्याला दुसऱ्या कामाला जुंपू नका.

खरी गंमत 'सस्टेनेबल'च्या जर्मन शब्दात आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना. तेव्हा खाणखात्यातले बडे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनशेतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. जेवढं वाढेल तेवढंच तोडा, असा त्याचा सारांश. तिथे त्यांनी वापरलेला शब्द 'नाखहाल्टेंड'. 'नाख' म्हणजे नंतर, 'हाल्टेन' म्हणजे धरणं, ठेवणं. पुढच्यासाठी हातचं ठेवून वापरणं. आपली आजी याला काय म्हणायची? हात राखून!

आणि आता ऐका. हे 'हाल्टेन' मुळात गुरं राखणं. चौथ्या शतकातल्या गॉथिक (जर्मनच्या एका जुन्या नातलग भाषेतल्या) बायबलात, येशूच्या गोष्टीतल्या उधळ्या मुलाला डुकरं राखायला धाडतात, तिथे क्रियापद आहे 'हाल्दान'. म्हणजे ते गुराखी, आपणही गुराखी. शब्दांचं रक्ताचं नातं नाही (आपलं राखणं 'रक्ष्'पासून), पण दोन्हीकडे एकाच शब्दात गुरांमागे काठी घेऊन उभा मनुष्यही आहे आणि 'पुढच्यासाठी ठेवणं'ही. गवत राखतात, रान राखतात, राखीव जंगल असतं, कोकणात वेशीवर राखणदार असतो. एवढा गोतावळा दारात असताना आत्म्याचं विशेषण उसनं कशाला?

'राखणे'चं विशेषण होत नाही, अशी हरकत मला एका कोशप्रेमी मित्राने घेतली. का होत नाही? वाहतं पाणी, फिरता दवाखाना, तशी राखती शेती, राखती मासेमारी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो, मासळीची वीण होऊ देतात. ही राखती मासेमारी नव्हे तर काय? कोळी त्याही आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी ओढून ठेवत आलेत, कुठल्याही ध्येयक्रमांकाशिवाय. 'राखता विकास' कानाला खटकतो म्हणे. 'शाश्वत कचरा' नाही खटकला?

हां, तो दुसरा प्रश्न राहिलाच. पूरक म्हणजे भर घालणारा. शाडूचा गणपती पाण्यात विरघळतो, प्लास्टरचा तळाशी जसाच्या तसा बसून राहतो. शब्दशः घेतलं तर तळ्यात जास्त भर तोच घालतो, मग पूरक कोण? 'स्नेही' तर त्याहून वर. संस्कृतात स्नेह म्हणजे तेलसुद्धा. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर खनिज तेलाचे डांबरी काळे गोळे लागतात, पायाला चिकटले की रॉकेलशिवाय निघत नाहीत. तेवढा स्नेह पुरे.