वाचकांचे प्रश्न : कादंबरीतला सिंहगड आणि कागदातला सिंहगड

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात बारा जण आहेत. गेल्या बैठकीत एका सदस्याने सांगितले की, तानाजी मालुसरे पडण्याच्या आधीपासूनच कोंढाण्याला सिंहगड म्हणत असत. तानाजींच्या मरणावरून गडाला हे नाव पडले, ही शाळेपासून मनात असलेली गोष्ट खोटी ठरल्याने मला फसवल्यासारखे वाटले. ऐतिहासिक कादंबरीकाराला असे स्वातंत्र्य असावे का? काही सदस्य तर ऐतिहासिक कादंबऱ्या मंडळाच्या यादीतूनच काढाव्यात असे म्हणतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या सदस्याचे म्हणणे बरोबर आहे. शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आले आहे आणि तानाजी पडले ते ४ फेब्रुवारी १६७० रोजी. म्हणजे नाव आधीचे आणि लढाई नंतरची. मात्र या समजुतीचा सगळा दोष कादंबरीकाराच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असे शब्द आहेत. तिथे सिंह नाही, दुसरा गड आहे. मला विचाराल तर, शोक करणारा राजा आपल्या माणसालाच गड म्हणतो हे अधिक हृदयाला भिडणारे आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हरी नारायण आपटे यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्या शीर्षकाने मूळ वाक्य इतके झाकून टाकले की आज सभासदाचे शब्द उद्धृत केले तर ऐकणाऱ्याला तीच चूक वाटते.

याच कादंबरीतली कमलकुमारी, जिच्यासाठी गडाचा मोगली किल्लेदार उदयभानू याचे सारे कारस्थान चालते, ती आपट्यांच्या कल्पनेतली आहे. कड्यावर दोर चढवणारी यशवंती घोरपड कादंबरीकाराची नव्हे, ती तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यातून आली. सभासदाचे मावळे वानरासारखे कडा चढून जातात, त्यांना घोरपड लागत नाही. आता या सगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजता येतील का? मला तसे वाटत नाही. जिथे कागद गप्प आहेत तिथे पात्र निर्माण करणे हा कादंबरीकाराचा हक्कच आहे, कारण गडावरच्या स्त्रिया त्या रात्री काय करत होत्या हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. पण जिथे कागद स्पष्ट बोलतात तिथे त्यांच्या विरुद्ध लिहायचे असेल, तर लेखकाने प्रस्तावनेत किंवा शेवटच्या टिपणात तसे सांगितले पाहिजे. मलपृष्ठावर ‘अस्सल कागदपत्रांवर आधारित’ एवढे छापून मोकळे होणाऱ्या पुस्तकांबद्दल मला जास्त तक्रार आहे, कारण कोणता प्रसंग आधारित आणि कोणता रचलेला हे वाचकाने कुठून ओळखावे?

यात आपट्यांच्या पिढीला थोडी सूट द्यावी लागते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींतल्या चुका अस्सल पत्रांवर ताडून दाखवल्या. भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते १९१० साली. तोवर लेखकाच्या हाताशी बखरी, पोवाडे आणि इंग्रजांनी लिहिलेले इतिहास एवढीच मुख्य सामग्री होती. आजच्या लेखकाला ही सबब नाही.

यादीतून हा प्रकारच काढून टाकण्याचा विचार मात्र मला अजिबात पटत नाही. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास झाला. त्या दोघांमधले हळवे संवाद देसायांचे आहेत आणि वाचकांनी ते पुस्तक आपलेसे केले ते प्रामुख्याने त्या संवादांमुळे. ज्याला मोहिमांचा तपशील आणि राज्याचा जमाखर्च हवा आहे त्याने पत्रसंग्रह वाचावेत, ज्याला दुखणे वाढत चाललेल्या तरुण पेशव्याच्या मनात शिरायचे आहे त्याने कादंबरी वाचावी, आणि मंडळातल्या कोणी दुसऱ्याच्या आवडीला हलके समजू नये. फक्त सभेत पुरावा म्हणून कादंबरीचे पान कोणी वाचून दाखवू लागला, तर त्याला तिथेच थांबवावे.

प्रश्न : मला मोठ्या चुकांपेक्षा बारीक चुका जास्त खटकतात. शिवकालातला मावळा ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणतो तेव्हा पुस्तक मिटावेसे वाटते. हा माझा अतिरेक आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. घटका आणि प्रहर हे शब्द उपलब्ध असताना मिनिटे मोजणारा मावळा हे लेखकाच्या आळसाचे लक्षण आहे. त्या काळच्या पंगतीत वाढलेली टोमॅटोची कोशिंबीरही तशीच. भाषेच्या बाबतीत मात्र थोडे सैल राहावे. शिवकालीन पत्रांतली मराठी फारसी शब्दांनी इतकी भरलेली आहे की महाराजांनाच फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घ्यावा लागला. पात्रे खरोखर तशी बोलू लागली तर आपल्यापैकी फार थोडे वाचक दुसऱ्या प्रकरणापर्यंत पोहोचतील. चांगला लेखक दोन-चार जुने शब्द नेमक्या जागी ठेवतो आणि बाकीचे वाक्य आजच्या मराठीत सोडतो. ही तडजोड आहे, चूक नव्हे.

प्रश्न : बारा वर्षांच्या नातवाला आधी इतिहास द्यावा की कादंबरी? (एक आजी, ठाणे)

उत्तर : कादंबरी. ती वाचून झाली की त्याला सिंहगडावर न्यावे आणि तानाजी कड्यावरून खाली पाहू द्यावे. घोरपडीला दोर बांधून हा कडा कसा चढले असतील, हा प्रश्न तो स्वतःच विचारील. सभासदाची बखर आकाराने लहान आहे, ती त्या दिवशी पिशवीत असू द्यावी.