वादळी ढगांच्या एचडीआर फोटोत कडा दुहेरी का येतात आणि आभाळ सपाट का दिसतं?

तुमच्या तक्रारी दोन आहेत. एचडीआरसाठी, म्हणजे खूप उजळ आणि खूप गडद भाग दोन्ही टिपण्यासाठी, कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो (एक्स्पोजर) जोडले की ढगांच्या कडा दुहेरी होतात, आणि एडिटिंग संपेपर्यंत काळंकुट्ट आभाळ धुरकट राखाडी होऊन क्षितिजालगत पांढरी किनार उमटते. माझ्या मते मूळ एकच आहे: गरज नसताना एचडीआर वापरलं जातंय, आणि जिथे गरज आहे तिथे ते जास्त ताणलं जातंय.

सूर्य पूर्ण झाकलेला असेल तर ढगांमधला उजेड-अंधाराचा फरक आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या एका रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) सहज मावतो. ब्रॅकेटिंग, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेणं, लागतं ते मुख्यतः दोन प्रसंगी: सूर्य ढगाच्या कडेतून डोकावत असेल तेव्हा, किंवा ढगांच्या तळाखाली उजेडाची लखलखीत पट्टी असून खालची जमीन अंधारात असेल तेव्हा. आधी एक फ्रेम घेऊन हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) पाहा. आलेख उजव्या टोकाला आपटत नसेल आणि डावीकडेही दबलेला नसेल, तर एकच फ्रेम पुरे. दुहेरी कडांचा प्रश्न तिथेच मिटतो.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फ्रेमभर पसरलेल्या काळ्या ढगाला मध्यम राखाडी करायला बघतं, म्हणून फोटो प्रत्यक्षापेक्षा उजळ येतो. जेपेग काढत असाल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) −०.७ ते −१ ठेवा. रॉ काढत असाल तर मात्र उलट करा: हायलाइट (सर्वांत उजळ भाग) जळून कोरे पांढरे होणार नाहीत इतपत फ्रेम उजळच घ्या आणि गडदपणा एडिटिंगमध्ये आणा. सावल्यांना जास्त प्रकाश मिळाला की तिथला नॉइज (दाणेदारपणा) कमी होतो. स्क्रीनवर लुकलुकणारी हायलाइटची सूचना जेपेग प्रिव्ह्यूवरून येते, त्यामुळे रॉमध्ये त्यापलीकडे थोडी जागा शिल्लक असते. पण सूर्याजवळच्या कडेसाठी त्या जागेवर विसंबू नका.

ब्रॅकेटिंग करायचंच असेल तर −२, ०, +२ स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) अशा तीन फ्रेम पुरतात. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि फोकस स्थिर ठेवा आणि फक्त शटर स्पीड बदलू द्या. अॅपर्चर बदललं तर डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते) आणि कोपऱ्यांतला काळोखही बदलतो, मग फ्रेम नीट जुळत नाहीत. ऑटो फोकस करड्या, एकसारख्या ढगावर भरकटतो, म्हणून लांबच्या एखाद्या ठळक कडेवर फोकस करून मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेची सेटिंग) ‘डेलाइट’वर कायम ठेवा.

दुहेरी कडांचं खरं कारण वेळ हे आहे. १/५००, १/१२५ आणि १/३० या तीन फ्रेम सलग मोडमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत संपतात, तेवढ्यात ढग फारसा हलत नाही. उजेड उतरल्यावर हेच आकडे १/८, १/२ आणि २ सेकंद होतात. मग ढग केवळ फ्रेमांच्या मधल्या वेळात नाही, तर शेवटच्या फ्रेमच्या आतही सरकतो आणि ती पुसट येते. अशा वेळी आयएसओ १००ला चिकटून राहू नका. ४००वर गेलात की सगळ्यात लांब फ्रेम अर्ध्या सेकंदावर येते. वाढलेला नॉइज काढता येतो, सरकलेला ढग जागेवर आणता येत नाही. वाऱ्यात ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. बॅग लटकवलीत तर ती जमिनीला टेकू द्या, नाहीतर झुलून तीच ट्रायपॉड हलवते.

ही सगळी तयारी वीज जवळ येण्याआधीची. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना ३ने भागलं की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. पण गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पाऊस पडत नसलेल्या जागीही वीज पडते. ट्रायपॉड सोडून द्या, पक्क्या इमारतीत किंवा धातूच्या छताच्या, काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. शेल्फ ढगाची (वादळाच्या पुढे येणाऱ्या कमानीसारख्या ढगाची) कमान डोक्यावर यायला लागली की वाऱ्याचा झोत तिच्याबरोबर येतोच. ती दूर असतानाच तिचा फोटो उत्तम येतो, कारण तेव्हाच १६ ते २४ मिमी लेन्समध्ये पूर्ण कमान बसते.

आता जोडणी. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एचडीआर मर्ज (फ्रेमांची जोडणी) करताना ‘ऑटो अलाइन’ चालू ठेवा आणि ‘ऑटो सेटिंग्ज’ बंद करा. डीघोस्ट (हललेल्या भागाची दुहेरी प्रतिमा काढणारी सोय) आधी ‘लो’वर ठेवून त्याचा ओव्हरले (निवडलेला भाग दाखवणारा रंग) पाहा. तो भाग एकाच फ्रेममधून घेतला जातो, म्हणून ‘हाय’ निवडलं तर ढगात नॉइजचे ठिगळ दिसू शकतात. डीघोस्टनेही कडा सुधारत नसतील तर मर्ज सोडून द्या: आभाळ एका फ्रेममधून, जमीन दुसऱ्या फ्रेममधून घ्या आणि क्षितिजावर मास्कने (फोटोचा ठरावीक भागच निवडणाऱ्या साधनाने) जोडा. हलणाऱ्या ढगांसाठी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. मोफत साधनांपैकी डार्कटेबल पुढच्या मास्क आणि टोन कर्व्हच्या कामाला पुरेसं आहे, पण त्याच्या एचडीआर मर्जमध्ये अलाइन किंवा डीघोस्ट नाही.

सपाटपणा येतो तो हायलाइट −१०० आणि शॅडो (गडद भाग) +१०० या स्लायडरच्या सवयीमुळे. दोन्ही टोकं मधे ओढली की सगळंच मध्यम राखाडी होतं. ढगाचा तळ काळा आहे म्हणूनच तो भारी वाटतो, त्याला काळाच राहू द्या. हायलाइट −३० ते −५०, शॅडो फार तर +२०, आणि तेही जमिनीच्या मास्कवर. त्यानंतर आभाळाचा मास्क घेऊन टोन कर्व्हच्या (गडद ते उजळ टोन बदलणाऱ्या रेषेच्या) मधल्या भागाला हलका ‘एस’ द्या. ढगाचा पोत मध्यम टोनमध्ये असतो, टोकांना नसतो. मॅमॅटस ढगांच्या लोंबत्या पिशव्यांना तिरपा उजेड मिळाला असेल तर एवढ्यावरच त्या गोलाकार उठून दिसतात.

पांढरी किनार बहुतेक वेळा क्लॅरिटी या स्लायडरमुळे येते. ती काठाच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवते, आणि आभाळ व जमीन जिथे भिडतात तिथे तो फरक आधीच सर्वाधिक असतो. म्हणून क्लॅरिटी +१५ ते +२५, तीही मास्कमध्ये, आणि क्षितिजालगतची पट्टी मऊ ब्रशने वजा करून. डिहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) +१० ते +१५च्या पुढे गेलं की ढग निळे-जांभळे व्हायला लागतात. तेव्हा निळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, पण शून्यावर नेऊ नका. ढगाच्या तळाला निळसर, कधी हिरवट छटा खरोखरच असते. डिहेझने सेन्सरवरची धूळही ठळक होते, म्हणून डाग काढण्याचं काम त्यानंतर करा.

जेपेग अगदी शेवटी बनवा. त्यात प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या असतात, त्यावर कर्व्ह ओढला की ढगांच्या मऊ चढ-उतारांत पट्टे दिसतात. तोवर १६ बिटमध्येच (ज्यात पायऱ्या कितीतरी जास्त असतात) काम करा.